'मृच्छकटिका'तील मैत्री आणि न्याय

वाङ्मयाच्या अध्यापनात स्वभावचित्रणाचा भाग आला, की आपल्याकडे एक ठराविक रीत चालते. पात्राचे नाव घ्यावयाचे, त्याखाली चार-सहा विशेषणे मांडावयाची आणि प्रत्येक विशेषणास एकेक प्रसंग जोडून द्यावयाचा. चारुदत्त उदार, मैत्रेय विनोदी व खादाड, शकार मूर्ख आणि दुष्ट, अशा याद्या विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत उतरवून मोकळे होतात. या रीतीत सोय आहे, हे नाकारता येत नाही. परंतु तिच्यामुळे माणूस पहिल्याच प्रवेशात पुरता ठरून गेलेला असतो, अशी एक समजूत नकळत रुजते. ही समजूत केवळ वाङ्मयापुरती राहती, तर तिची इतकी काळजी करण्याचे कारण नव्हते. पुस्तकातील माणसे तोलण्याची सवय पुढे जिवंत माणसे तोलण्याच्या कामी येते, म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करणे अगत्याचे वाटते. त्यासाठी आम्ही शूद्रकाचे 'मृच्छकटिक' निवडले आहे. माणसाची पारख कशी होते आणि कशी फसते, हाच या दहा अंकी प्रकरणाचा गाभा आहे, असे आमचे मत आहे.

या नाटकाची भूमी उज्जयिनी. माळव्यात पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या मराठी मंडळींना ती परकी नाही. आणि परशुरामतात्या गोडबोले यांच्या भाषांतरामुळे व पुढे गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत नाटकामुळे हे कथानक मराठी वाचक-प्रेक्षकांच्याही परिचयाचे झाले आहे. तरीसुद्धा त्याची लोकप्रिय ओळख बहुधा चारुदत्त-वसंतसेनेच्या प्रणयापुरतीच राहते. नाटकाच्या रचनेकडे पाहिले, तर प्रणयाइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, जागा मैत्रीने व्यापलेली दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी टी. गणपतिशास्त्री यांना जी तेरा नाटके सापडली, त्यांत 'चारुदत्त' नावाचे एक चार अंकी नाटक आहे. त्याचे कर्तृत्व भासाकडे द्यावे की नाही याविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु 'मृच्छकटिका'च्या पहिल्या चार अंकांशी त्याचे साम्य उघड आहे. या उपलब्ध चार अंकांत बंदिवान आर्यक नाही, मातीची गाडी नाही आणि न्यायसभाही नाही. म्हणजे, मित्रासाठी जिवावर उदार होणारी माणसे आणि निरपराध्यास सुळाकडे धाडणारा न्याय, या दोन्ही गोष्टी 'मृच्छकटिका'त शेजारी-शेजारी येतात. आमच्या मते हा केवळ योगायोग नव्हे.

प्रथम मैत्री पाहू. मैत्रेय हा विदूषक आहे, तेव्हा तो खादाड असणारच, असे आपण धरून चालतो. पहिल्या अंकात तो मित्राच्या वैभवाच्या काळातील पक्वान्नांची आठवण काढतो, हेही खरे. पण आता त्या घरी पक्वान्ने उरलेली नाहीत. मैत्रेयास पोटासाठी दुसरीकडे हिंडावे लागते आणि तरीही मुक्कामाला तो चारुदत्ताकडेच परततो. ज्याला आपण खादाड म्हणून नोंदवतो, तोच नेमका अन्न संपल्यावर मागे उरतो! विशेषण आणि वर्तन यांतील ही तफावत विद्यार्थ्यास दाखवून दिली पाहिजे. मैत्रेयाची पारखही नेहमी बरोबर असते असे नाही. गणिका म्हटली की ती लोभी, असे त्याचे गणित ठरलेले आहे. म्हणून वसंतसेनेचा नाद सोडण्याविषयी तो मित्राला वारंवार विनवतो. या बाबतीत तो सपशेल चुकतो. परंतु त्याचा निर्णय चुकीचा असला, तरी निष्ठा खोटी नाही. मित्र अचूकच असला पाहिजे, अशी अट शूद्रक घालीत नाही.

दुसरा मित्र शर्विलक. हा जन्माने ब्राह्मण, विद्येने चतुर आणि धंद्याने, निदान त्या एका रात्री, चोर. मदनिका नावाच्या दासीची सुटका करण्यासाठी तो चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. भिंत मोजण्यासाठी गळ्यातील जानव्याचा दोरीसारखा उपयोग करतो. नेलेले दागिने वसंतसेनेचेच, ठेव म्हणून ठेवलेले. मदनिका त्याला ते परत करावयास लावते. वसंतसेना आडून सर्व ऐकते आणि मदनिकेला मुक्त करून त्याच्या स्वाधीन करते. येथपर्यंत ही एका सुटलेल्या चोराची गोष्ट झाली. परंतु त्याच वेळी, पालक राजाने आपल्या आर्यक नावाच्या मित्रास बंदीत टाकल्याची दवंडी शर्विलकाच्या कानी पडते. नुकती मिळालेली पत्नी सुरक्षित ठिकाणी पाठवून तो तडक मित्राच्या सुटकेसाठी निघतो. दुसऱ्याच्या भिंतीला खिंडार पाडणारी बुद्धीच आता तुरुंग फोडण्याकडे वळते. माणसाचा विकास म्हणजे जुने गुण टाकून नवे धारण करणे नव्हे. त्याच गुणांना योग्य दिशा सापडणे होय, हे शर्विलकावरून जितके स्पष्ट होते, तितके दुसऱ्या कोणाहीवरून क्वचितच होईल.

संवाहकाची कथा याहून साधी, पण आमच्या मते अधिक खोल आहे. पाटलिपुत्राच्या गृहस्थाचा हा मुलगा अंग रगडण्याची कला हौसेने शिकला आणि पुढे पोटासाठी तीच चाकरी करू लागला. चारुदत्ताचे दैव फिरले आणि त्याची चाकरी गेली, तेव्हा तो जुगाराच्या नादी लागला. दहा सुवर्णांचे देणे चुकविण्यासाठी तो ओसाड देवळात मूर्ती होऊन उभा राहतो, हा प्रसंग आपण हसून वाचतो. पुढे वसंतसेना आपले कंकण देऊन त्याला सोडविते. देणे फिटले, तेवढ्याने त्याचे आयुष्य पालटले असते काय? आम्हाला वाटते, नाही. आपल्यावर कोणीतरी विश्वास टाकला, हा अनुभव त्याला नवा होता. तो भिक्षू होतो. आणि आठव्या अंकात शकाराने गळा दाबून पाल्यापाचोळ्याखाली टाकलेल्या वसंतसेनेला सावध करतो तो हाच भिक्षू. एका दिवशी दिलेले कंकण दुसऱ्या दिवशी प्राण होऊन परत येते.

आता न्यायसभेकडे वळू. नववा अंक शिकविताना न्यायाधीशास भित्रा किंवा अन्यायी ठरवून मोकळे होण्याचा मोह होतो. पण शूद्रकाने त्याला तसे रंगविलेले नाही. तो सज्जन आहे, आपल्या कामाची अवघड जबाबदारी जाणतो, आणि चारुदत्तास पाहताच याच्या हातून असे कृत्य घडणे शक्य नाही, असे त्याला मनापासून वाटते. शकाराची फिर्याद तो प्रथम त्या दिवशी ऐकावयासही तयार नसतो. राजाच्या मेहुण्याने पदावरून काढविण्याची धमकी दिल्यावर मात्र तो नमतो. फिर्याद सांगता सांगता शकार, वसंतसेनेला 'मी मारले नाही' असे कोणी न विचारताच बोलून जातो. ते शब्द लिहूनही घेतले जातात आणि तो ते पायाने पुसून टाकतो. खरा पुरावा सर्वांच्या डोळ्यांदेखत उमटला आणि पुसला गेला, तरी सभा पुढे चालूच राहिली.

याउलट, चारुदत्ताविरुद्ध जो पुरावा टिकला, तो कसा उत्पन्न झाला हे पाहण्याजोगे आहे. वसंतसेनेची आई सांगते की मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. ते सत्यच आहे, कारण ती प्रेमाने गेली होती. वीरक हा रक्षक सांगतो की चारुदत्ताच्या गाडीतून तिला उद्यानाकडे नेत होते. वस्तुतः त्या गाडीत पळून आलेला आर्यक होता. चंदनकाने त्याला पाहिले होते. पण तो निरपराध शरणागत, शिवाय आपले प्राण वाचविणाऱ्या शर्विलकाचा मित्र, म्हणून त्याने अभय देऊन गाडी पुढे जाऊ दिली होती. या झटापटीत चंदनकाची लाथ खाल्लेला वीरक आपली तक्रार घेऊन सभेत येतो. तिसरा पुरावा दागिन्यांचा. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा लहानगा रोहसेन रडत होता; मातीच्या गाडीवर त्याचे समाधान होईना. तेव्हा वसंतसेनेने आपल्या अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरले. तेच परत करावयास मैत्रेय निघाला असता सभेत शकाराशी त्याची जुंपते आणि काखेतले दागिने सर्वांसमोर खाली पडतात.

म्हणजे पुराव्याचे तिन्ही दुवे एकेका प्रेमाच्या, अभयाच्या किंवा वात्सल्याच्या कृत्यातून जन्मलेले आहेत. वस्तू खऱ्या, साक्षी बहुतांशी खऱ्या. खोटा ठरतो तो त्यांवरून काढलेला अर्थ. कृत्य दिसले, पण त्यामागचा हेतू पाहण्यास सभेकडे ना वेळ होता, ना धैर्य. शेवटी न्यायाधीश मनूचा आधार देऊन हद्दपारीची शिफारस करतो आणि राजा सुळाची आज्ञा देतो. ते दागिने चारुदत्ताच्याच गळ्यात बांधून त्याला स्मशानाकडे न्यावे, असेही फर्मान सुटते. रडणाऱ्या मुलाचे डोळे पुसण्यासाठी दिलेले सोने, शेवटी त्याच्या बापाच्या गळ्यात अपराधाची खूण म्हणून लटकते!

येथे एक शंका येईल. चारुदत्त स्वतः सर्व खुलासा का करीत नाही? याचे उत्तर त्याच्या स्वभावातील दोषात आहे, आणि तो दोष शिकवणीच्या वह्यांत सहसा आढळत नाही. चारुदत्ताला नावलौकिकाची फार काळजी. चोरी झाल्यावर, ती कोणास खरी वाटणार नाही या भीतीने, ठेव आपण द्यूतात हरलो असे खोटे कळवून तो तिच्या बदल्यात पत्नीची रत्नमाला पाठवतो. सभेतही, गणिका तुझी मैत्रीण आहे काय, असा सरळ प्रश्न आला तेव्हा तो प्रथम लाजेने गप्प राहतो. जिने त्याच्यासाठी सर्व काही पणाला लावले, तिच्याशी असलेले नाते मोकळ्या मनाने सांगणे त्याला जड जाते. त्याच्या उदारतेत धन देण्याची शक्ती होती. आपली प्रतिष्ठा पणाला लावण्याची शक्ती अजून यावयाची होती.

दहाव्या अंकात ती येते. स्थावरक हा शकाराचा दास. त्याने आधीच, परलोकाचे भय बाळगून, वसंतसेनेला मारण्यास नकार दिला होता. आता तो कोंडलेल्या माडीवरून उडी टाकून सत्य ओरडून सांगतो. पण दासावर विश्वास कोण ठेवणार? शकार त्यालाच चोर ठरवितो. अखेर वसंतसेना व भिक्षू वेळेवर पोहोचतात. शर्विलक पालकाच्या वधाची आणि आर्यकाच्या राज्याभिषेकाची वार्ता घेऊन येतो. सभेत ज्या नात्याचा उच्चार चारुदत्ताला करवला नाही, त्या नात्याला आता 'वधू' असे उघड नाव मिळते. आणि जमाव शकाराचा प्राण मागत असताना, शरण आलेल्या त्या शत्रूला चारुदत्त सोडून देण्यास सांगतो. ज्याला चुकीच्या न्यायाने सुळापर्यंत नेले, तो स्वतः न्याय देण्याच्या जागी येताच घाई करीत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शकार मात्र बदलत नाही. त्याला कोणी मित्र नाही. आश्रितही शेवटी त्याला सोडून जातात. विट हा त्याचा पोटार्थी सोबती. पहिल्या अंकात तो वसंतसेनेच्या पाठलागात सामील होता, पण खून उघड होताच त्याची साथ सोडून शर्विलकाच्या पक्षाकडे निघून जातो. या नाटकात ज्याची ज्याची वाढ होते, त्याच्यावर कोणीतरी विश्वास टाकलेला आहे किंवा त्याने कोणासाठी तरी काही पणाला लावले आहे. शकाराच्या वाट्याला यांपैकी एकही गोष्ट आलेली नाही.

तेव्हा अध्यापकांस आमची सूचना एवढीच, की पात्राचे विशेषण विद्यार्थ्यास आधी देऊ नये. हे पात्र कोणावर विश्वास टाकते, कोणाविषयी चूक ठरविते, आणि चूक कळल्यावर काय करते, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत. उत्तरे शोधताना विद्यार्थी आपसूकच पहिल्या अंकातून दहाव्या अंकाकडे जातो आणि माणूस वाटेत कोठे वळला ते त्याच्या नजरेस येते. उज्जयिनीच्या न्यायसभेत हेच घडले नाही. तेथे दागिने दिसले, गाडी दिसली, परंतु मुलाचे रडणे कोणी ऐकले नव्हते. आपल्या वर्गात तरी ते ऐकू यावे.