खड्ड्यातले साक्षीदार

रस्त्याच्या कामासाठी माती काढलेल्या शेतात कधी नीट पाहिलंय? सगळं रान कमरेइतकं खोल गेलेलं असतं आणि मधे मधे जुन्या जमिनीचे चार-दोन खुंट तसेच उभे असतात, डोक्यावर वाळक्या गवतासकट. लहानपणी मला वाटायचं, मजुरांनी कंटाळा केला असणार.

ते मुद्दाम राखलेले असतात. ठेकेदाराला पैसे मिळणार खणलेल्या घनमीटरवर, आणि माती तर ट्रकमधून केव्हाच गेली. मूळ जमीन कुठवर होती हे आता कोण सांगणार? खुंटाच्या माथ्यावरचं गवत सांगतं. तिथून तळापर्यंत टेप लावायची आणि आकडा मोजमाप पुस्तकात चढवायचा. हे पुस्तकही मोठं कडक. पानांवर छापील क्रमांक असतात, पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. चूक झालीच तर जुना आकडा वाचता येईल अशी रेघ मारून शेजारी नवा लिहायचा आणि सही करायची. मोजणी संपली की मग खुंट पाडायचे.

पण निव्वळ खोलीनं भागत नाही. आपल्याकडच्या दरसूचीत खोदाईचा दर एक नसतो. माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असं उतरत जावं तसा भाव चढतो. मला याची गंमत वाटते, कारण निविदा भरताना खाली काय आहे हे कुणालाच पुरतं ठाऊक नसतं. चार ठिकाणी भोकं पाडून घेतलेला अंदाज तेवढा हाताशी. तरीही मालक आणि ठेकेदार दोघं करारावर सह्या करतात. कारण कुदळीला काय दाद देतं आणि सुरुंगाशिवाय काय हलत नाही, याचे भाव आधीच ठरलेत. (साइटवर निम्मी भांडणं मात्र ‘हा मुरूम की खडक’ यावरच होतात.) एकरकमी ठेक्यात ही सोय नसते. तिथे खडकाची भीती ठेकेदार आपल्या आकड्यातच धरतो, मग खडक लागो न लागो. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या नमुना करारात आणखी एक कसोटी आहे: अनुभवी ठेकेदाराला आधी ओळखता आलं असतं का? नसतं, तर तो जादा वेळ आणि खर्च मागू शकतो.

न दिसणारी गोष्ट जमिनीखालीच असते असं मात्र नाही. बोरघाटातल्या रेल्वेचा ठेका 1856 मध्ये विल्यम फॅव्हिएलकडे होता, मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्यांपैकी एक. सुमारे 25 किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून जास्त चढ, वाटेत 25 बोगदे, सगळे काळ्या पाषाणात. 1859 च्या जानेवारीत पोटठेकेदारांनी मजुरी थकवली म्हणून मजूर उसळले. मार्चमध्ये फॅव्हिएलनं काम सोडलं. मग इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल ठेका घेऊन आला आणि काही आठवड्यांतच आजारानं गेला.

आता ठेका कुणाचा? त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनं तो पुढे चालवला. कामावर दोन अनुभवी व्यवस्थापक नेमले. 1861 मध्ये घाटात सुमारे 42 हजार माणसं राबत होती, आणि 1863 च्या एप्रिलमध्ये गाडी घाट चढली.

पुढे 1872 चा भारतीय करार कायदा आला. माणूस मेला तरी त्याचं वचन सामान्यतः त्याच्या वारसांना बांधतं, असं त्याचं 37 वं कलम सांगतं. अपवाद म्हणून तिथे चित्रकाराचं उदाहरण दिलंय: चित्र काढून देतो म्हणाला आणि त्याआधीच वारला, तर करार तिथेच संपला. त्याच्या हातचं चित्र दुसरं कोण काढणार? बोगदा मात्र कुणाच्याही सुरुंगानं पुढे सरकतो.

याच घाटातला एक मोठा दगडी पूल 1867 च्या पावसाळ्यात कोसळला. गाड्या सुरू होऊन अवघी चार वर्षं झाली होती. आजच्या करारांत अशा दोषांसाठी हमीची मुदत असते आणि तोवर ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून कापलेली अनामत अडकून राहते. मुदत वर्षाची असली, तरी ते पैसे सुटेपर्यंत एक पावसाळा मधे जातोच.