निवृत्ती आणि प्रवृत्ती

शाळेतील गुरुजी, कचेरीतील कारकून, गावोगाव पत्रे पोहोचविणारा टपालवाला हे सारे आपले काम वर्षानुवर्षे इमानाने करतात आणि ठरावीक वय झाले म्हणजे सेवेतून मोकळे होतात. महाराष्ट्रात शाळेतील शिक्षकांसाठी हे वय सामान्यतः ५८ वर्षांचे आहे. यासच सेवानिवृत्ती म्हणतात. ‘निवृत्त होणे’ म्हणजे एखाद्या कामापासून मागे फिरणे आणि ‘प्रवृत्त होणे’ म्हणजे एखाद्या कामाकडे वळणे. हे दोन शब्द परस्परविरुद्ध खरे. परंतु नोकरीतून निवृत्त झालेली कितीतरी माणसे तरुणपणी मागे राहिलेल्या गायनाकडे, वादनाकडे किंवा नाटकाकडे पुन्हा प्रवृत्त होतात.

मुळात ही कला मागे का पडते? गाणाऱ्याला रोज तासन्‌तास रियाज करावा लागतो. नटाला गावोगावचे दौरे करावे लागतात. कचेरीची वेळ आणि घरची जबाबदारी यांतून एवढी सवड मिळत नाही. शिवाय महिन्याच्या पगारावर चूल पेटते. कलेच्या मिळकतीचा मात्र भरवसा नसतो. म्हणून तंबोरा कोपऱ्यात उभा राहतो.

आपल्या खेड्यांत भजनाला वयाची अट कधीच नव्हती. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात वडनेर हे गाव आहे. अशा वैदर्भी गावांतून भजनी मंडळात नातू टाळ धरतो आणि त्याच्याच शेजारी आजोबा मृदंग वाजवितात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने गाऊन हा नाद विदर्भात दूरवर पोहोचविला. रंगभूमीची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे तिकीट काढून आलेला श्रोता वयाची सबब ऐकून घेत नाही.

या रंगभूमीकडे नोकरी सोडून परतलेले एक थोर कलावंत विदर्भातच जन्मले. त्यांचे नाव वसंतराव देशपांडे. त्यांचा जन्म २ मे १९२० रोजी मूर्तिजापूर येथे झाला. त्यांच्या आईने त्यांना मोठ्या कष्टाने वाढविले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे ते गाणे शिकले. लहान वयातच भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटात त्यांनी श्रीकृष्णाची भूमिका केली. पुढे पोटासाठी त्यांनी पुण्यास लष्करी हिशेब कार्यालयात नोकरी धरली आणि सुमारे दोन तपे आकड्यांची बेरीज-वजाबाकी केली. परंतु दिवसा हिशेब करणारा हा मनुष्य गाणे विसरला नाही. निरनिराळ्या गुरूंपासून मिळालेली विद्या त्याने रियाजाने जागी ठेवली.

पंचेचाळिशी गाठल्यावर वसंतरावांनी ही नोकरी सोडली. महिन्याचा पगार सोडून पुढे पाऊल टाकणे, तेही संसार असताना, हे लहान धाडस नव्हे. २४ डिसेंबर १९६७ रोजी ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आले. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी ते लिहिले होते, तर संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते. त्यातील मानी, करारी गवई खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांनी केली. त्या वेळी ते ४७ वर्षांचे होते. खाँसाहेबांचा विद्येचा अभिमान, त्यांचा राग आणि त्यांच्या मनातील सल हे सारे गाण्यातूनच दाखवावयाचे होते. कोवळ्या वयाच्या नटाला हे पेलणे कठीणच. या भूमिकेने वसंतरावांचे नाव महाराष्ट्रभर झाले. १९८२ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. ३० जुलै १९८३ रोजी ते निवर्तले.

वय कलावंतापासून काही हिरावून घेते, हे नाकारण्यात अर्थ नाही. श्वास आखूड होतो, स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, तबल्यावरील बोटे पूर्वीसारखी झपाट्याने धावत नाहीत. म्हणून साठीनंतर पुन्हा गाऊ लागणारा मनुष्य पट्टी थोडी खाली घेतो आणि लय थोडी संथ ठेवतो. परंतु वय काही देतेही. ज्या पदाचे शब्द विसाव्या वर्षी केवळ पाठ केलेले असतात, त्यांचा अर्थ साठाव्या वर्षी स्वतःच्या सुखदुःखातून उमगलेला असतो.

मुलांनो, जमिनीत बीजच नसेल तर पाऊस कितीही पडला तरी पीक येत नाही. निवृत्तीनंतर मिळणारी सवड ही त्या पावसासारखी आहे. ती सर्वांनाच लाभते. पण लहानपणी पेरलेले आणि मधल्या काळात थोडेथोडे जपलेले ज्याच्यापाशी असते, त्यालाच तिचे पीक सहज घेता येते. आज शिकलेले एखादे गाणे, एखादा ताल वाया जात नाही. आणि शेजारचे एखादे सेवानिवृत्त आजोबा अडखळत पेटी वाजविताना ऐकू आले, तर हसू नका. जवळ जाऊन बसा व टाळ हाती घ्या.