डबा भंगारात द्या, हार्ड डिस्क देऊ नका

गेल्या आठवड्यात जलालखेड्याकडून परत येताना एका संत्रा बागाईतदाराकडे पाणी प्यायला थांबलो. ओसरीत जुना संगणक काढून ठेवलेला होता. मुलानं नवीन आणला होता. काकाजी म्हणाले, "भंगारवाला दोनशे रुपये देतो म्हणते, साहेब."

मी विचारलं, "अन् यातला बागेचा हिशोब?"

काकाजी गप्प झाले. बारा वर्षांच्या नोंदी होत्या त्यात. कोणत्या ओळीत डिंक्या कधी आला, आंबिया बहाराला ताण किती दिवस दिला, व्यापाऱ्यानं इसार किती दिला अन् बाकीचे पैसे कधी दिले, सगळं. "डबा सुरूच होत नाही तं हिशोब गेलाच ना आता?"

शेतकरी बंधू-भगिनींनो, हीच समजूत पुष्कळांची आहे आणि ती चुकीची आहे. संगणक बंद पडतो तो बरेचदा पॉवर सप्लाय, रॅम किंवा मदरबोर्ड बिघडल्यानं. नोंदी असतात हार्ड डिस्कवर, आणि ती अनेकदा धडधाकट असते. विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा-सुधारणा 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, त्यामुळे अनेक घरांत संगणक बदलणं सुरू आहे. म्हणून हा विषय आजच मांडतो.

सातबाऱ्याची गोष्ट वेगळी. डिजिटल सहीचा उतारा 2018 पासून घरबसल्या मिळतो. पिकाची नोंद 2021 पासून ई-पीक पाहणीत होते. पण ताण किती दिला, फवारणी कोणती केली, मजुरी किती गेली, हे कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. ते फक्त तुमच्या घरच्या डिस्कवर आहे.

काढताना

आधी संगणक बंद करा आणि वायर भिंतीच्या प्लगमधून काढा. नंतर सुरू करायचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डिस्कला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. अंगावरच्या स्थिर विजेनंही सर्किट जळू शकतं.

घरच्या संगणकातली डिस्क साडेतीन इंची, साधारण लहान पुस्तकाएवढी असते. लॅपटॉपची अडीच इंची. स्क्रू काढा, डिस्क कडेनं धरा, खालच्या हिरव्या पट्टीला बोट लावू नका. वरचं झाकण तर कधीच उघडू नये. आत चकती मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि वाचणारी सुई तिच्यावर अगदी नगण्य अंतरावर तरंगते. धुळीचा साधा कणही त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

जोडताना

वायर पाहून घ्या. अरुंद चपटी वायर असेल तर ती साटा जातीची. ही पद्धत 2003 पासून आली आणि नव्या टेबलावरच्या संगणकातही बहुधा चालते. दोन वायरी लागतात, एक माहितीची, एक विजेची. खाच एकाच बाजूनं बसते, जोर करू नका. रुंद पट्ट्यासारखी वायर असेल तर डिस्क जुन्या आयडीई जातीची. तिला नव्या संगणकात बहुधा जागा नसते. मग यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर घ्या. साडेतीन इंची डिस्कला त्यासोबत वेगळा वीज अडॅप्टर लागतो, तेवढं दुकानात विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट. संत्र्याचं कलम करताना आपण जुनं झाड मुळासकट उपटून नव्या जागी लावत नाही. त्याचा डोळा घेऊन जंबेरीच्या खुंटावर भरतो. इथंही तसंच करायचं. जुनं विंडोज जुन्या मदरबोर्डला रुळलेलं असतं, नव्या यंत्रात ते नीट चालेल याचा भरवसा नाही. म्हणून नवा संगणक त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून सुरू करा. जुनी डिस्क दुसरी म्हणून जोडा आणि आतल्या फाइली तेवढ्या घ्या.

इथं पडदा कधी कधी विचारतो, "फॉरमॅट करायची का?" किंवा "इनिशियलाईझ करायची का?" उत्तर एकच: नाही. मी स्वतः इथं ठेच खाल्ली आहे. पाच वर्षांपूर्वी घरची डिस्क बदलताना घाईत 'हो' दाबलं. मुलीचे पहिल्या वर्षाचे फोटो आणि माती परीक्षणाच्या माझ्या नोंदी गेल्या. नोंदी पुन्हा करता आल्या, फोटो नाही. तुमच्याकडून चुकून दाबलं गेलंच, तर त्या डिस्कवर काही नवीन टाकू नका, काढून जाणकाराकडे न्या. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तरी तेच. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका.

फाइली जुन्या डिस्कवर 'यूजर्स'च्या आत तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये सापडतील. विंडोज एक्सपी असेल तर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये. परवानगी नाही असं आलं तर 'कंटिन्यू' दाबा. 'कट' करू नका, 'कॉपी' करा. नंतर चार-पाच फाइली उघडून खात्री करा. अलीकडच्या काही लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असते. तिची किल्ली, म्हणजे 48 आकडी क्रमांक, आधीच लिहून ठेवा.

फाँट विसरू नका

जुन्या मराठी फाइली बऱ्याच जणांनी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप केल्या आहेत. नव्या संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात आणि लोक फाइल बिघडली म्हणून पुसून टाकतात. फाइल बिघडलेली नसते. जुन्या डिस्कवर 'विंडोज' फोल्डरच्या आत 'फाँट्स' आहे. तिथून तो फाँट आणून नव्या संगणकात टाका, अक्षरं परत येतील.

शेवटी दोन नकला करा. एक घरी, दुसरी दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे. का, ते आपल्या तालुक्याला सांगायला नको. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या महापुरात मोवाड बुडालं, दोनशेवर माणसं गेली. जिथं घरं उरली नाहीत, तिथं पेटीतले कागद कसे राहतील? जुनी डिस्कही लगेच फेकू नका. कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा, औषधाच्या खोलीत नको. पुढे टाकायचीच झाली तर आधी पूर्ण पुसून घ्या, कारण नुसतं 'डिलीट' केल्यानं बँकेचे अन् आधारचे कागद जात नाहीत.

काकाजींची डिस्क आम्ही त्याच संध्याकाळी नव्या संगणकाला जोडली. फाइल उघडली, अक्षरांची खिचडी. फाँट टाकला तशी पहिली ओळ दिसली: "ओळ 14, झाड 6, डिंक्या, बोर्डो लावला." काकाजी उठले अन् कंदील न घेता बागेकडे निघाले. मी म्हटलं, "कुठं?" म्हणाले, "झाड 6 अजून उभं आहे, साहेब. तेवढं पाहून येतो."

भंगारवाल्यानं रिकामा डबा दीडशे रुपयांत नेला. पन्नास रुपयांचा तोटा झाला म्हणायचा.