डेनेथॉरची बाजू

तृतीय वर्ष कला शाखेच्या निबंधांचा गठ्ठा समोर आला की पहिली ओळ न वाचताही सांगता येते. ‘प्लेटो हा थोर ग्रीक विचारवंत होता.’ त्याखालच्या निबंधात ‘प्राचीन ग्रीक विचारवंतांमध्ये प्लेटोचे स्थान अनन्यसाधारण आहे.’ शेवटही ठरलेला. ‘अशा प्रकारे प्लेटोचे विचार आजही तितकेच महत्त्वाचे आहेत.’ मधल्या चार पानांत हेडिंगं, हेडिंगांखाली मुद्दे आणि मुद्द्यांखाली गाइडमधली वाक्यं. चूक म्हणावं असं काही नसतं, त्यामुळे गुणही द्यावे लागतात. पण लिहिणारा पोरगा किंवा पोरगी त्यात सापडत नाही, आणि खरं सांगायचं तर प्लेटोही सापडत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पाश्चात्त्य राजकीय विचार शिकवतो. अंतर्गत मूल्यमापनाला एक निबंध असतो आणि त्याचा विषय मला ठरवता येतो. काही वर्षांपासून तो मी अद्भुत कादंबऱ्यांमधून काढतो. प्लेटोवर बाजारात गाइड मिळतं, कादंबरीतल्या गॉन्डॉरच्या कारभाऱ्यावर मिळत नाही. मोबाइलवर मात्र हल्ली कशावरही निबंध मिळतो, पण तो ओळखू येतो. त्यात दोन्ही बाजू पंगतीत वाढाव्यात तशा नीट वाढलेल्या असतात आणि वाढणारा स्वतः उपाशीच राहिलेला असतो.

पहिल्या तासाला प्लेटोच असतो, पण गोष्टीतून. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन ती सांगतो. लिडियाच्या राजाच्या चाकरीतला एक मेंढपाळ. भूकंपाने जमीन दुभंगते, तो खाली उतरतो. तिथे काशाचा पोकळ घोडा, घोड्याला दारं, आत माणसापेक्षा मोठं प्रेत आणि प्रेताच्या हातात सोन्याची अंगठी. अंगठीचा खडा तळव्याकडे फिरवला की घालणारा दिसेनासा होतो. मेंढपाळ राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, तिच्या मदतीने राजाला मारतो आणि गादीवर बसतो. मग ग्लॉकॉन विचारतो, अशा दोन अंगठ्या असत्या, एक सज्जनाला दिली आणि एक दुर्जनाला, तर दोघांच्या वागण्यात काय फरक राहिला असता?

इथे मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, “सर, हे तर लॉर्ड ऑफ द रिंग्ज!” तो यावा म्हणूनच मी गोष्ट रंगवून सांगतो. मला दाखवायचा असतो तो ग्लॉकॉन. त्याला स्वतःला अन्याय पसंत नाही. पण न्यायाचं समर्थन आजवर मनासारखं ऐकायला मिळालेलं नाही, म्हणून अन्यायाची वकिली तो मुद्दाम, पूर्ण ताकदीने करतो आणि सॉक्रेटिसला म्हणतो, आता द्या उत्तर. दहा भागांच्या ग्रंथातले पुढचे सगळे भाग त्या उत्तरात जातात. अंगठीचं नाव परत निघतं ते थेट दहाव्या भागात. विरोधकाच्या हाती इतकं मोठं हत्यार स्वतःहून देणारा लेखक मुलांना ठाऊक असावा, म्हणजे पुढचं काम सोपं जातं.

पुढचं काम म्हणजे टॉल्किन. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड 1954-55 मध्ये निघाले. मराठीत मुग्धा कर्णिक यांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवाद आहे. एवढा ऐवज वर्गात वाचून होणं शक्य नसतं, म्हणून मी निवडक भागांच्या झेरॉक्स वाटतो. सिनेमा बहुतेकांनी हिंदीत पाहिलेला असतो आणि पंचाईत तिथेच होते. सिनेमातला डेनेथॉर, म्हणजे गॉन्डॉरचा कारभारी, धाकटा मुलगा फारामीर मरणाच्या वाटेवर असताना तोंडाला रस ओघळेपर्यंत टोमॅटो खातो. असल्या माणसाच्या हातून राज्य काढून घ्यायला राज्यशास्त्र कशाला लागतं?

एका मुलीचा पहिला मसुदा माझ्यापाशी आहे. प्रश्न होता, ॲरागॉर्नला गॉन्डॉरचं राज्य का मिळावं? तिचा मधला परिच्छेद असा:

‘ॲरागॉर्न हा गॉन्डॉरचा खरा वारस होता. तो शूर व न्यायी होता. डेनेथॉर हा सत्तालोभी व वेडसर होता. म्हणून ॲरागॉर्न राजा होणे योग्य होते. यावरून लॉकचा संमतीचा सिद्धांत स्पष्ट होतो.’

वाक्यं पाचच, पण तीन वेगवेगळे दावे एकमेकांच्या पायात पाय घालून उभे आहेत. वारस आहे म्हणून, गुणी आहे म्हणून आणि लोकांना मान्य आहे म्हणून. मॅक्स वेबरने 1919 मधल्या म्युनिकच्या व्याख्यानात अधिकाराचे जे प्रकार सांगितले, परंपरेचा, व्यक्तीच्या तेजाचा आणि कायद्याचा, ते तिला तोंडपाठ होते. दुसऱ्या एका प्रश्नात तिने ते व्यवस्थित लिहिलेही होते. इथे ते उपयोगी पडतील हे तिच्या गावीही नव्हतं. मी समासात लाल पेनाने तीन प्रश्न लिहिले. ‘तो वारस असून भित्रा असता तर?’ ‘त्याच्याहून शूर दुसरा कोणी निघाला असता तर?’ ‘लोकांनी नाही म्हटलं असतं तर?’ आणि तळाशी लिहिलं: ‘डेनेथॉरचा वकील काय म्हणेल? एक पान.’

त्या एका पानाला सगळे बिचकतात. ती स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, “सर, पण त्याची बाजूच कुठे आहे?”

पुस्तकात आहे. टॉल्किनचा डेनेथॉर खादाड नाही. म्हातारा झाला तरी शरीर सैल पडू नये म्हणून तो झोपतानाही चिलखत उतरवत नाही. पिपिन या हॉबिटला तर गँडाल्फ या खऱ्या जादूगारापेक्षा तोच मोठा जादूगार वाटतो. दरबारात उंच सिंहासन रिकामं आहे आणि हा खालच्या पायरीवर काळ्या दगडाच्या साध्या खुर्चीत बसतो. राजा परत येईपर्यंत त्याच्या नावाने कारभार करू, अशी शपथ घेतलेल्या कारभाऱ्यांच्या पिढ्यांनी साडेनऊशेहून जास्त वर्षं ते राज्य सांभाळलंय. त्याचा थोरला मुलगा बोरोमीर लहानपणी त्याला विचारतो, राजा परत आलाच नाही तर किती शतकांनी कारभाऱ्याचा राजा होतो? डेनेथॉर सांगतो, हलक्या घराण्यांच्या मुलखात थोडी वर्षंही पुरत असतील, गॉन्डॉरमध्ये दहा हजार वर्षंही पुरणार नाहीत.

हे वाचून होईपर्यंत वर्गात कुजबुज सुरू झालेली असते. साताऱ्याच्या पोरांना यात काही नवं सांगावं लागत नाही. “सर, हे पेशव्यांचंच झालं की!” शाहू महाराजांच्या निधनानंतर 1750 च्या सांगोला कराराने खरी सत्ता पुण्याला गेली, तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यायची आणि पेशव्याच्या शिक्क्यात तो छत्रपतींचा प्रधानच असायचा. एका मुलाने विचारलं, “मग पेशवे छत्रपती का नाही झाले?” त्यावर जो गोंधळ झाला त्यात तास संपला. शेजारच्या वर्गातून इतिहासाचे सर डोकावून गेले.

त्या मुलीला आणखी एक खाऊ मी दिला. कादंबरीच्या परिशिष्टात आहे की ॲरागॉर्नच्या पूर्वजाने, अर्वेदुईने, हजारेक वर्षांपूर्वी गॉन्डॉरच्या गादीवर हक्क सांगितला होता आणि तो फेटाळला गेला होता. म्हणजे डेनेथॉर ॲरागॉर्नला झुकायला नकार देतो तेव्हा त्याच्यामागे जुना निवाडा आहे. कोर्टात हा खटला चालला असता तर त्याचा वकील आरामात बसला असता.

पुढचा मसुदा आला त्यात ‘वेडसर’ हा शब्द नव्हता. परिच्छेद लांबला होता, शुद्धलेखन तसंच होतं, पण माणूस दिसायला लागला होता:

‘डेनेथॉरकडे निवाडा आहे, अनुभव आहे व राज्य सांभाळल्याचा पुरावा आहे. ॲरागॉर्नकडे फक्त रक्त आहे. शिवाजी महाराजांकडे किल्ले, सैन्य व मुलूख असूनही त्यांना 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक करून घ्यावा लागला. म्हणजे राज्य हातात असणे आणि ते आपले म्हणून मान्य होणे या दोन गोष्टी आहेत. डेनेथॉरकडे पहिली आहे, ॲरागॉर्नला दुसरी मिळवायची आहे. शेवटी फारामीर नगराच्या दारात लोकांना विचारतो की हा राजा व्हावा का, व लोक हो म्हणतात. परंतु त्या वेळी जिंकून आलेली फौज दारासमोरच तंबू ठोकून होती.’

शेवटचं वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. संमतीच्या सिद्धांतावर डेव्हिड ह्यूमने जो हल्ला केला, की बहुतेक राज्यं बळाने किंवा कब्जाने उभी राहिली आणि संमती मागून चिकटवली गेली, त्याच्या उंबरठ्यावर ती आपल्या पायांनी येऊन पोचली होती. ह्यूम आमच्या अभ्यासक्रमात नाही.

अद्भुत कादंबरीची एक लबाडी याच सुमारास मुलांच्या ध्यानात आणून द्यावी लागते. राजाचे हात रोग्याला बरे करतात अशी गॉन्डॉरमध्ये जुनी समजूत असते, आणि ॲरागॉर्न हातात पाला घेतो तर माणसं खरंच बरी होतात. रक्ताचा दावा खरा ठरतो, कारण तो खरा ठरवणारा लेखक आहे. आपल्या जगात हा पाला मिळत नाही. त्यामुळे ‘पाल्याने गुण आला नसता तर?’ हा प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. टॉल्किनवर जीव असलेली दोन-चार पोरं नाराज होतात. होऊ देत.

अर्शुला ल ग्विनच्या 1973 च्या ओमेलासच्या कथेचा अनुभव उलटा आला. एक सुखी शहर आणि त्याच्या सुखाची अट म्हणून तळघरात कुजत ठेवलेलं एक मूल. सर्वाधिकांच्या सुखाचा हिशेब मांडणाऱ्या बेंथमला आणि त्या हिशेबाला हरकत घेणाऱ्या रॉल्सला समोरासमोर बसवायला याहून सोयीची कथा नाही असं मला वाटायचं. पण सगळा वर्ग एकमुखाने मुलाच्या बाजूने. शहराची वकिली करायला कोणी उभंच राहीना. शेवटी कोयना धरणाच्या विस्थापितांमधल्या एका घरातला पोरगा वर छताकडे बघून म्हणाला, “ही ट्यूब कशावर चालते, सर?” त्यानंतर शहराची बाजू मांडायला पुष्कळ जण निघाले आणि आवाज चढले.

हॅरी पॉटर मात्र कधी फसत नाही. हाउस-एल्फ म्हणजे जादूगारांच्या घरी पिढ्यानपिढ्या बिनपगारी राबणारे जीव. मालकाने कपडा दिला तरच सुटका. हॅरीची मैत्रीण हर्मायनी त्यांच्या मुक्तीसाठी संघटना काढते, टोप्या विणते आणि एल्फांच्या नकळत त्यांच्या हाती लागाव्यात म्हणून शाळेतल्या आपल्या बैठकीच्या खोलीत कचऱ्याखाली लपवून ठेवते. एल्फ इतके दुखावतात की ती खोली झाडायलाच यायचं बंद करतात. आधीच मुक्त झालेला एकटा डॉबी तेवढा येतो. सगळे निबंध हर्मायनीला टाळ्या देत सुरू होतात. मग एल्फांचा वकील शोधायला सांगितला की पंचाईत होते, कारण तो वकील सापडतो ॲरिस्टॉटलमध्ये. काही माणसं स्वभावतःच दास असतात, हे त्याचं म्हणणं. एल्फ स्वतःच तसं सांगतायत, मग हर्मायनी कोण लागून गेली?

इथे रूसो कामाला येतो. ‘सामाजिक करारा’च्या सुरुवातीलाच तो म्हणतो की ॲरिस्टॉटलने परिणामालाच कारण समजून घेतलं. गुलामगिरीत जन्मलेल्याची सुटायची इच्छाही बेड्यांत मरते. दोन-तीन मुलं दरवर्षी इथून थेट बाबासाहेबांकडे जातात, 1936 च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’कडे. ती वाट मी दाखवत नाही. घरातली आजी कुठल्या कामाचा अभिमान बाळगून होती आणि तो अभिमान कोणाच्या सोयीचा होता, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. एकाने डॉबीचाच मुद्दा धरला. शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर त्याला आठवड्याला दहा गॅलियन, म्हणजे जादूगारांची सोन्याची नाणी, आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतो, आणि डॉबी घासाघीस करून ते एक गॅलियन आणि महिन्याला एक सुट्टी इतक्यावर आणतो. मुलाने लिहिलं, ‘स्वतःची मजुरी खाली पाडून घेणारा सुटला असे कसे म्हणावे?’ आणि पुढच्याच ओळीत, ‘पण घासाघीस करता आली, हे आधी नव्हते.’ कोणत्या बाजूला यायचं ते त्याला ठरवता आलं नाही. मी ती दोन्ही वाक्यं तशीच ठेवायला सांगितली आणि त्यांच्या आधीची दीड पानं कापली.

विभागातल्या सहकाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. परीक्षेत हाउस-एल्फवर प्रश्न येत नाही. डेनेथॉरवाल्या मुलीचा पेपर नंतर माझ्याकडेच तपासायला आला. हस्ताक्षर ओळखीचं, पहिली ओळ ‘जॉन लॉक हा थोर इंग्रज विचारवंत होता’. प्रस्तावना, महत्त्व, निष्कर्ष, सगळं जागच्या जागी. तिचंही बरोबर आहे, तिला गुण हवे आहेत.

निकालानंतर ती आली ती फिल्मर विचारत. लॉकच्या दोन प्रबंधांपैकी पहिला सर रॉबर्ट फिल्मरच्या खंडनासाठी लिहिलेला आहे, एवढी एक ओळ गाइडमध्ये असते. “सर, फिल्मरचं म्हणणं नक्की काय होतं? गाइडमध्ये तो चुकला एवढंच आहे.” त्याचं ‘पॅट्रिआर्का’ त्याच्या मृत्यूनंतर 1680 मध्ये छापलं गेलं. राजाचा अधिकार हा बापाचा अधिकार, तो देवाने आदमला दिला आणि आदमकडून वारशाने राजांकडे आला, असा त्याचा दावा. एका परीने ॲरागॉर्नचाच वकील. आमच्या ग्रंथालयात हे पुस्तक नाही. मी पहिल्या प्रकरणाची प्रिंट काढून दिली. सतराव्या शतकातली इंग्रजी, त्यामुळे शब्दकोश घेऊन बसावं लागतंय. पहिला प्रश्न मात्र दोनच दिवसांत आला: आदमचा आजचा खरा वारस कोण, हे ठरवायचं कसं? लॉकने पहिल्या प्रबंधातलं सर्वांत लांबलचक प्रकरण याच प्रश्नावर खर्च केलंय. ते तिला मी अजून सांगितलेलं नाही. आधी फिल्मरचा वकील काय म्हणेल, ते एक पान यायचंय.