हिशेब घेताना सहीची घाई नको!

कंपनी बंद पडली, ठेकेदार बदलला, वय झाले म्हणून निवृत्त व्हावे लागले, की आपल्या वस्तीत एक वाक्य हमखास कानावर येते, "त्यांनी हिशेब घेतला." किती घेतला, असे विचारले तर रकमेचा आकडा सांगतात. पण तो आकडा कसा आला, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. साहेबांनी दिला, आपण घेतला. तीस वर्षे घाम गाळलेला माणूस पाच मिनिटांत तीन कागदांवर सह्या करून गेटाबाहेर पडतो. अनेकदा त्या कागदावर "माझे कंपनीकडे काहीही येणे उरलेले नाही" असे इंग्रजीत लिहिलेले असते.

बंधू-भगिनींनो, हा पैसा मालकाची मेहेरबानी नाही. ती आपल्याच कष्टाची मागे राहिलेली मजुरी आहे. तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला उपदेश करताना मालकाची पाच कर्तव्ये सांगितली. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळोवेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी जे कर्तव्य म्हणून सांगितले गेले, ते आज कायद्याच्या पुस्तकात आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचा हक्क कायद्यात लिहिला गेला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पण लिहिलेला हक्क मागितल्याशिवाय पदरात पडत नाही, आणि मागण्यासाठी आधी आपला हिशेब आपल्याला आला पाहिजे.

हिशेबात काय काय येते?

काम सुटल्यावर साधारणपणे सहा गोष्टी पाहायच्या. १) काम केलेल्या शेवटच्या दिवसांचा पगार व ओव्हरटाइम. २) शिल्लक पगारी रजेचे पैसे. ३) ग्रॅच्युइटी. ४) बोनसचा वाटा. ५) मालकाने कामावरून कमी केले असेल तर नोटिशीचा पगार व नुकसानभरपाई. ६) प्रॉव्हिडंट फंड व पेन्शन. यातली सहावी रक्कम कंपनीच्या तिजोरीतून येत नाही. ती फंडाच्या कार्यालयात आपल्या नावावर जमा असते. म्हणून "तुमचा फंड धरून एवढे देतो" असे कुणी म्हणाले तर सावध व्हावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. कायद्याचे नाव बदलले, पण ग्रॅच्युइटीचे गणित तेच राहिले. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्यात, दुकानात, संस्थेत ती लागू आहे. सलग पाच वर्षे सेवा झालेली हवी. राजीनामा दिला तरी ती मिळते. कामगाराचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले तर पाच वर्षांची अट नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्यांना नव्या संहितेप्रमाणे एक वर्षाच्या सेवेनंतर, जेवढी सेवा त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे.

गणित असे करा

शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज करा. तिला २६ ने भागा. आला तो एका दिवसाचा पगार. त्याला १५ ने गुणा. आली ती एका वर्षाची ग्रॅच्युइटी. तिला सेवेच्या वर्षांनी गुणा. शेवटी सहा महिन्यांहून जास्त काळ उरत असेल तर तो पूर्ण वर्ष धरायचा.

समजा, एका कामगाराचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये आहे आणि सेवा १२ वर्षे ८ महिने झाली आहे. १५,६०० भागिले २६ म्हणजे ६०० रुपये रोज. गुणिले १५ म्हणजे ९,०००. सेवा १३ वर्षे धरायची. ग्रॅच्युइटी झाली १,१७,००० रुपये.

आता चूक कुठे होते किंवा केली जाते, ते पाहा. कुणी २६ ऐवजी ३० ने भागतो आणि वरचे ८ महिने सोडून देतो. मग रोज ५२० रुपये, वर्षाचे ७,८००, आणि १२ वर्षांचे ९३,६०० रुपये होतात. म्हणजे २३,४०० रुपये गेले. दोन ओळींच्या भागाकार-गुणाकारात मुलीच्या कॉलेजची फी निघून जाते! म्हणून दहावीत शिकणाऱ्या मुला-मुलीला शेजारी बसवून हे गणित घरी करा. त्यांचाही सराव होईल.

दुसरी खोड अशी की, मूळ पगार मुद्दाम लहान दाखवायचा आणि बाकीची रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत घालायची. नव्या संहितेत याला लगाम आहे. घरभाडे, प्रवास वगैरे बाजूला काढलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर जास्तीची रक्कम पगारात धरावी लागते. एकूण मोबदला २०,८०० आणि मूळ पगार व महागाई भत्ता ७,८०० असेल, तर हिशेबासाठी पगार १०,४०० धरायचा. वर्षाची ग्रॅच्युइटी ४,५०० नव्हे, ६,००० होते. नव्या संहिता लागू झाल्यानंतर ज्यांचे काम सुटले, त्यांनी हे अवश्य तपासावे.

इतर रकमा

वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा, हे कारखान्यातले प्रमाण आहे. वरच्या कामगाराची २४ दिवस रजा शिल्लक असेल तर रोज ६०० प्रमाणे १४,४०० रुपये होतात. शेवटच्या महिन्यात १८ दिवस काम केले असेल तर त्याचे १०,८००. ग्रॅच्युइटीसह बेरीज १,४२,२०० रुपये. बोनस लागू असणाऱ्या कामगाराने त्या वर्षात निदान ३० दिवस काम केले असेल, तर काम सोडून गेला तरी त्याचा वाटा बुडत नाही. कमीत कमी दर ८.३३ टक्के आहे. बोनस इतरांना वाटला जाईल तेव्हा आपणही मागावा.

मालकाने कामगार कपात केली आणि सेवा एक वर्षाहून जास्त असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराइतकी नुकसानभरपाई देय आहे. ती ग्रॅच्युइटीच्या वर, वेगळी. म्हणूनच काही ठिकाणी कामगाराला केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहून घेतात. "राजीनामा दे, हिशेब लगेच देतो." राजीनामा दिला की नोटीस गेली आणि भरपाईही गेली. कामावरून काढायचे असेल तर तसे लेखी द्या, असे नम्रपणे पण ठामपणे सांगावे.

पगाराची बाकी काम सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यावी लागते. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी लागते. मालकाने उशीर केला तर साधे व्याज द्यावे लागते. ग्रॅच्युइटी दिवाणी कोर्टाच्या हुकमाने जप्त होत नाही, हेही सावकाराच्या तगाद्याने घाबरलेल्या कुटुंबाने लक्षात ठेवावे.

ठेकेदाराकडील माणसांनी

आपले पुष्कळ भाऊ-बहिणी आज साफसफाई, हॉस्पिटल, सिक्युरिटी अशा ठिकाणी ठेकेदाराकडे आहेत. ठेकेदार बदलतो, माणूस त्याच जागी झाडू मारत राहतो, आणि कागदावर त्याची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. विहारात रविवारी कागद घेऊन येणाऱ्या अशा कितीतरी बाया आहेत, ज्यांच्याकडे एवढ्या वर्षांचा पुरावा म्हणून फक्त एक फाटके ओळखपत्र असते. ठेकेदाराने पगार बुडवला किंवा फंड भरला नाही तर मूळ मालकावर जबाबदारी येते. पण आपण तिथे काम केले, हे दाखवता आले पाहिजे. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड, ओळखपत्र आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत जपून ठेवा. फंडाचा यूएएन नंबर वहीत लिहा. नवीन ठेकेदाराने नवा नंबर काढू नये, जुन्याच नंबरवर पैसे भरावेत, असा आग्रह धरा.

फंडाबरोबर पेन्शनही आहे. पेन्शन योजनेत दहा वर्षे भरली तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. दहा वर्षांच्या आत पैसे काढून घेतले की ती वर्षे पुसली जातात. पुन्हा काम लागण्याची आशा असेल तर घाईने काढू नका.

भगिनींसाठी दोन शब्द

नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे, हे आजच विचारा. लग्नाआधी आईचे नाव लिहिले आणि पुढे बदललेच नाही, असे घरोघरी आढळते. कर्ता माणूस नोकरीत असताना गेला, तर ग्रॅच्युइटी, फंड, फंडाशी जोडलेला विमा आणि विधवेचे पेन्शन, असे चार वेगवेगळे अर्ज करायचे असतात. दुःखाच्या दिवसांत कुणी "एवढे घ्या आणि सही करा" म्हणाले तर शिकलेल्या नातलगाला बरोबर घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका.

सही करण्यापूर्वी

प्रत्येक रकमेचा वेगळा तपशील लेखी मागा. कोऱ्या कागदावर सही नको. रक्कम बँकेत जमा होण्याआधी "सर्व मिळाले" असे लिहून देऊ नका. रक्कम कमी वाटली तर "हरकत राखून स्वीकारले" असे आपल्या हाताने मराठीत लिहा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. मालक ऐकत नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. उशीर करू नका. चार जणांची तक्रार सारखी असेल तर चौघांनी मिळून जा.

दुसऱ्याचे न दिलेले घेऊ नये, हे शील आपण रोज म्हणतो. ते पाळणाऱ्या माणसाने आपले हक्काचे दुसऱ्याला घेऊ देणे, हे शील नव्हे, अज्ञान आहे. ज्या पिढीला पाटी धरू दिली नाही, त्या पिढीचे नातू आज बी.कॉम. होत आहेत. त्यांनी प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार, दोन तास, वही-पेन घेऊन बसावे आणि येणाऱ्याचा हिशेब मांडून द्यावा. खर्च काही नाही.

जयभीम!