हिमगौरीचा कंठ (लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात निर्जीव रेषेला गती कशी प्राप्त होते याचे विवेचन केले होते. ते वाचून आमच्या अंकुशनगरातील, साखर कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या एका दहा वर्षांच्या मुलीने मला विचारले की, चित्राला जीभच नाही, तर मग हिमगौरी बोलते कोणाच्या तोंडाने? प्रश्न इतका नेमका होता की, योजिलेला विषय बाजूस सारून आजचा लेखांक मी त्याच्या उत्तराला देत आहे.

हिमगौरी, म्हणजे वॉल्ट डिस्नेच्या चित्रपटातील स्नो व्हाइट, बोलली ती आद्रियाना कॅसेलोटी या तरुणीच्या तोंडाने. डिस्नेच्या चित्रशाळेतून तिच्या वडिलांकडे, ते गायनाचे शिक्षक असल्याने, बालिकेसारखा कोवळा गळा असलेली एखादी शिष्या आहे काय, अशी दूरध्वनीवरून पृच्छा झाली. आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर ते संभाषण चोरून ऐकणाऱ्या, विशीही न गाठलेल्या या कन्येने मध्येच आपले गाणे ऐकवून ती जागा पटकावली. रूपाच्या मोहाने निवड चुकू नये म्हणून वॉल्ट डिस्ने उमेदवारांना न पाहता केवळ ऐकत असे. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजलिसला चित्रपट प्रथम झळकला, जगभर गाजला. परंतु श्रेयनामावलीत तिचे नाव नव्हते, आणि मेहनताना मिळाला तो सारा मिळून ९७० डॉलर. त्याच पटातील दुष्ट राणी आणि तिनेच घेतलेले चेटकिणीचे रूप, हे दोन्ही आवाज ल्युसिल ला व्हर्न या वृद्ध नटीचे. चेटकिणीसाठी तिने आपली कवळी काढून ठेवली होती, असे सांगतात.

पुढे जॅक बेनी या विख्यात विनोदी नटाने आपल्या नभोवाणी कार्यक्रमासाठी आद्रियानाला मागितले, तेव्हा हिमगौरीचा भ्रम भंगेल या सबबीवर डिस्नेने मज्जाव केला. भ्रम जपण्याची ही कळकळ मला समजते, तिच्यातील कलादृष्टीही मान्य आहे. तथापि जमिनीच्या सातबारावर मालकाबरोबर कुळाचेही नाव चढते, आणि ज्या कंठाने ती राजकन्या कसली त्याची मात्र दप्तरी नोंद नसावी, हा अन्याय होता असेच मी म्हणेन.

हा अन्याय आपल्या दाराशीही घडला होता. १९४९ साली ‘महल’मधील ‘आयेगा आनेवाला’ या गीताची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’, म्हणजे मधुबालेने रंगविलेल्या पात्राचे नाव! गाणारी होती जेमतेम विशीतली लता मंगेशकर. ही कामिनी कोण, असे विचारणाऱ्या श्रोत्यांच्या पत्रांचा नभोवाणीवर वर्षाव झाला, तेव्हा कोठे खरे नाव बाहेर आले. पार्श्वगायनासाठी फिल्मफेअरचे स्वतंत्र पारितोषिक सुरू होण्यास १९५९ साल उजाडावे लागले, आणि ते ‘मधुमती’तील गीतासाठी पहिल्याने तिलाच लाभले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे चित्राचे ओठ आवाजाशी जुळतात कसे याकडे, वळू. मूळ चित्रपटात आवाज आधी मुद्रित होतो आणि तो पुनःपुन्हा ऐकून चित्रकार ओठ रेखाटतो, म्हणून बोलणारीचा श्वास, तिचे अडखळणे, तिचे हसू हे सारे चित्रात उतरते. भाषांतरात हा क्रम उलटतो. ओठ आधीच हलून गेलेले असतात, आणि पात्राचे ओठ मिटतील त्या क्षणी प, ब, म यांपैकी एखादे ओष्ठ्य व्यंजन येईल असा शब्द शोधावा लागतो. त्यात आपल्या भाषांत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येत असल्याने ‘आहे’ म्हणताना तोंड उघडे राहते आणि पडद्यावरची राजकन्या केव्हाच ओठ मिटून बसलेली असते! मेघना एरंडे या मराठी कलावतीने ‘नॉडी’ आणि ‘निंजा हातोडी’ यांना हिंदीत वाचा दिली ती ही कसरत साधूनच. दोन्ही पात्रे मुलग्यांची, आवाज मात्र स्त्रीचा. कारण मुलाचा गळा वयात येताच फुटतो, आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेला तो पुरत नाही. आमच्या वसाहतीतील पोरे हातोडीच्या नकला करतात, तेव्हा ती वस्तुतः एका मराठी बाईची नक्कल करीत असतात, हे त्यांना सांगितले तर खरे वाटत नाही.

हिमगौरीच्या आवाजापेक्षा डिस्नेच्याच सिंड्रेलाच्या आवाजाची कथा अधिक हृद्य आहे. आयलीन वूड्स या गायिकेने दोघा गीतकार मित्रांसाठी, निव्वळ नमुना म्हणून, काही गाणी मुद्रित करून दिली. ती डिस्नेच्या कानी पडली आणि तीनशेहून अधिक उमेदवारांना मागे सारून १९५०च्या चित्रपटासाठी तिचीच निवड झाली. वार्धक्यात तिला स्मृतिभ्रंशाने ग्रासले. आपण कधी काळी सिंड्रेला होतो, याचीही तिला आठवण उरली नाही. परंतु त्या चित्रपटातले, स्वप्नांविषयीचे ते गाणे लावले की ती शांत होत असे, असे तिची शुश्रूषा करणाऱ्यांनी सांगितले आहे. २०१० साली ती गेली.