सातासमुद्रापलीकडची मैत्रीण लग्नाला येते तेव्हा

लग्नाची तारीख ठरते, पत्रिका छापून येतात, आणि एके दिवशी लेक सहज सांगते, "आई, माझी मैत्रीण येतेय हं लग्नाला. जर्मनीहून." ऐकून आपल्याला आनंद होतो आणि दुसऱ्याच क्षणी पोटात गोळा येतो. ती झोपणार कुठे? खाणार काय? आपलं तिखट तिला सोसेल का? आणि आपल्याला तर धड इंग्रजीही येत नाही!

मैत्रिणींनो, मागच्या हिवाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या लोणखेड्याला अशाच एका लग्नघरी मी आठवडाभर होते. शहाद्याला लागून असलेलं हे गाव. नवरी शिकायला जर्मनीत होती. तिथे दोन वर्षं तिच्याबरोबर एका खोलीत राहिलेली मुलगी रजा काढून, पदरचे पैसे खर्चून लग्नाला आली होती. त्या आठवड्यात काय जमलं आणि काय फसलं, ते तुम्हांला सांगावंसं वाटतं. आता आपल्या मुली शिकायला, नोकरीला बाहेर जातात. आज ना उद्या अशी पाहुणी तुमच्याही दारात उभी राहील.

येण्याआधी

व्हिसा काढणं हे तिचं काम, पण तारीख वेळेवर कळवणं हे आपलं. 2014 पासून अनेक देशांच्या लोकांना भारताचा पर्यटक व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मागता येतो, आणि मित्र-नातेवाइकांना भेटायलाही तो चालतो. पासपोर्टची मुदत मात्र इथे उतरल्यापुढे निदान 6 महिने शिल्लक हवी. मुहूर्त निवडायला वाव असेल तर हिवाळ्यातला धरा. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो. आपणच कासावीस होतो, तिथे तिची काय कथा!

मुंबईपर्यंत विमान, तिथून सुरतमार्गे नंदुरबारपर्यंत रेल्वे आणि पुढे मोटारीनं शहादा, हा प्रवास नवख्या माणसाला सोपा नाही. घरातल्या कुणाला तरी मुंबईला पाठवा, निदान नंदुरबारच्या स्टेशनवर तरी कुणी हजर असू द्या.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत ठाऊकच नसते. परदेशी पाहुणी आपल्या घरी उतरली की 24 तासांच्या आत तशी नोंद सरकारकडे ऑनलाइन करावी लागते. हा नियम लॉजला आहे तसाच घरालाही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असतं. लग्नाच्या धांदलीत विसरायला होतं, म्हणून ही जबाबदारी आधीच एका मुलावर सोपवून टाका.

घरात आल्यावर

पाणी उकळून गार केलेलंच द्या. सरबतातला बर्फ आणि उघड्यावर कापून ठेवलेली फळं टाळा. अन्न गरम आणि ताजं असलं की निम्मी काळजी मिटते. वरणबट्टी तिला हमखास आवडते. भरीत करताना मिरची घालण्याआधी तिच्यापुरती वाटी बाजूला काढा. पोट बिघडलंच तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं पाजत राहा. जुलाब थांबले नाहीत किंवा ताप आला, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.

साडी नेसायची तिला भारी हौस असते. पोलक्याची मापं महिनाभर आधी मागवून घ्या. जरीच्या जड साडीपेक्षा सुती किंवा हलकी साडी बरी. परकराची नाडी घट्ट बांधा, निऱ्यांना पिना लावा आणि आदल्या दिवशी घरातच तासभर वावरू द्या.

हे सगळं आम्ही नीट केलं. फसलं ते वेगळंच.

पाहुणी आल्यापासून घरात जत्राच भरली. जो येई तो तिच्याबरोबर फोटो काढी. पोरं तिच्या केसांना हात लावून पळत. "हिला नाचायला लावा," "हिला भाकरी थापायला बसवा," असं चाललेलं. बिचारी हसतमुखानं सगळं करत होती. हळदीच्या आदल्या संध्याकाळी मात्र ती मला गच्चीवर एकटी बसलेली दिसली. डोळे भरलेले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तेव्हा म्हणाली, "चार दिवस झाले. मी जिच्यासाठी आले, तिच्याशी पाच मिनिटंही बोलता आलं नाही."

मला एकदम अपराध्यासारखं झालं. खाली येऊन नवरीच्या आजीला सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी एक जिवाची मैत्रीण होती. शेजारच्याच गावात दिली तिला. तिच्या लग्नाला जायला मिळालं नाही. मैत्रिणीच्या लग्नाला सुनेला कोण पाठवतंय? पुढे ती गेली, तेही मला महिन्यानं कळलं." आणि उठून त्यांनी आतल्या खोलीत दोन अंथरुणं घातली. "आज नवरीपाशी हीच झोपेल. दुसरं कुणी आत जायचं नाही."

त्या रात्री खोलीतून कितीतरी वेळ हसण्याचे, आणि मधूनच रडण्याचेही, आवाज येत होते.

मांडवात

विधींचा अर्थ तिला आधी सांगून ठेवा. अंतरपाट का धरतात, अक्षता का टाकतात, हे कळलं की ती नुसती बघी राहत नाही. एका जाणत्या मुलीला तिच्या शेजारी बसवा.

आमच्याकडे अक्षता पडल्या आणि नेहमीप्रमाणे सारी मंडळी पंगतीकडे पळाली. सप्तपदीला उरले भटजी, आईवडील आणि चार जवळची माणसं. ही मुलगी मात्र जागची हलली नाही. तिच्या शेजारच्या मुलीनं तिला सांगून ठेवलं होतं, की खरं लग्न तर पुढेच आहे! आणि ते खोटं नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो.

शिवाय ते सातवं पाऊल असतं मैत्रीचं. वर तिथे वधूला सखी म्हणतो. सात पावलं बरोबर चाललं की मैत्री जडते, ही आपली जुनी समजूत. संस्कृतात मैत्रीला 'साप्तपदीन' असा शब्दच आहे. हे ऐकून ती मुलगी हसली. म्हणाली, "मग आम्हा दोघींची सात पावलं केव्हाच झालीत."

आपल्या लग्नांत मानपान कुणाकुणाचे असतात? मामाचा, आत्याचा, करवलीचा, व्याह्यांचा. मैत्रिणीचा मान मात्र कुठल्याच यादीत नसतो. तुमच्या किती मैत्रिणी तुमच्या लग्नाला आल्या होत्या? तुम्ही किती जणींच्या लग्नाला जाऊ शकलात? आठवून पाहा, आणि लेकीच्या लग्नाची यादी करताना त्यात एक ओळ वाढवा. मैत्रीण परदेशातली असो की पलीकडच्या गल्लीतली, नवरीबरोबर एक निवांत रात्र तिच्या वाट्याला येऊ द्या.

पाहुणी निघाली तेव्हा आजींनी तिची खणानारळानं ओटी भरली. तिनं विचारलं, हे कशासाठी? आजी म्हणाल्या, "माहेरवाशिणीची भरतात, बाई. परत ये."